एकच शोधखिडकी: ग्रंथालय, संग्रहालय, अभिलेखागार (मदत हवी आहे)

कोरापाट
सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, मी प्रोग्रॅमर आहे, ग्रंथपाल नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या संस्थेच्या आवारात ग्रंथालय आहे, छोटं वस्तुसंग्रहालय आहे आणि जुन्या कागदपत्रांचा अभिलेखागार आहे. तिघांची तीन सॉफ्टवेअर. संग्रहालयाचं अर्धं काम तर अजून एक्सेलमध्येच. वरून आदेश आला: वाचकाला एकच चौकट द्या, गुगलला जमतं तर तुम्हाला का नाही?

मला वाटलं दोन आठवड्यांचं काम. व्हूफाइंड हे ग्रंथालयांचं शोध-सॉफ्टवेअर घेतलं (मुक्त स्रोत, खाली सोलर हे शोधयंत्र), तिन्हीकडच्या नोंदी डब्लिन कोअर या सामायिक वर्णन-मांडणीच्या १५ रकान्यांत बसवल्या आणि इंडेक्समध्ये (शोधसूचीत) ओतल्या. चालू झालं की! मग तिन्ही विभागप्रमुखांना बोलावलं आणि मोठ्या झोकात संस्थापकांचं नाव टाकलं.

पहिली चार पानं नुसती पुस्तकं. त्यात त्यांच्याच एका पुस्तकाच्या सहा आवृत्त्या ओळीने. पाचव्या पानावर संग्रहालयाचं पहिलं दर्शन: "घड्याळ". बस, एवढंच. अभिलेखागारात त्यांची पत्रं पेट्या भरून आहेत, त्यातलं एकही आलं नाही. मग "पत्रव्यवहार" टाकून पाहिलं तर "पत्रव्यवहार", "पत्रव्यवहार", "पत्रव्यवहार व किरकोळ" अशा ओळींची माळ लागली. कोणाचा कोणाशी, पत्ता नाही.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, माझ्या नोंदींची वाट लावलीत. संग्रहालयाच्या अभिरक्षकांनी विचारलं, हे घड्याळ जगाला दाखवायची परवानगी कोणी दिली? अभिलेखागारवाले काही बोललेच नाहीत, नुसते हसले. ते जास्त लागलं.

कुठे चुकलं? हे आधी कोणी केलंय का?


उंटावरचा_शहाणा
सोमवार, रात्री ९.३२

चुकलं ते इथेच की काम अंगावर घेतलंत. असल्या खिडक्यांत कोणी शोधत नाही. लोक गुगलतात. प्रत्येक नोंदीचं साधं वेबपान करा आणि झोपा.


दप्तरबंद
सोमवार, रात्री १०.४५

हसणारा मी नव्हे, पण का हसले ते सांगू शकतो.

तुमच्या इंडेक्सचं गृहीतक असं की एक नोंद म्हणजे एक गोष्ट आणि ती नोंद स्वतःच्या पायावर उभी असते. पुस्तकाच्या बाबतीत ते खरं आहे. आमच्याकडे नाही. अभिलेखागारात वर्णन वरून खाली जातं: संग्रह, त्यात मालिका, मालिकेत फाइल, फाइलीत कागद. आयसॅड-जी नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९९४ मध्ये पहिल्यांदा आलं, २००० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. त्यात एक नियम स्पष्ट आहे: वरच्या पातळीवर जे सांगितलं ते खाली पुन्हा सांगायचं नाही. संस्थापकांचं नाव संग्रहाच्या नोंदीत एकदा आलं की खालच्या शेकडो फाइलींवर ते येणार नाही. तिथे फक्त "पत्रव्यवहार, १९३१-३४".

कागदी सूचीत हे अगदी शहाणपणाचं होतं. वाचणारा वरूनच खाली यायचा, त्यामुळे संदर्भ त्याच्या डोक्यात असायचा. तुम्ही काय केलंत, तर फाइलीची ओळ तिच्या घरातून उचलून रस्त्यावर आणून बसवलीत. आता ती नाव काय सांगणार? आडनाव घरात राहिलं.

आणखी एक. आमच्याकडे क्रमालाही अर्थ असतो. ज्याने कागद तयार केले त्याने ते ज्या क्रमाने ठेवले तो मोडायचा नाही. एखादं पत्र कुठल्या फाइलीत, कशाच्या शेजारी सापडलं यावरून कधी कधी पत्रापेक्षा जास्त कळतं. तुमची यादी गुणांकनाने (जास्त जुळणारं आधी) लावली की हे सगळं गेलं. शोधताना जाऊ द्या, हरकत नाही. पण निकालाच्या ओळीवर "कुठल्या संग्रहात, कुठल्या मालिकेत" ही वाट दिसली पाहिजे आणि तिच्यावरून वर जाता आलं पाहिजे. एवढं केलंत तरी आम्ही हसणार नाही.


सोलरवाला
मंगळवार, सकाळी ८.०५

दप्तरबंद यांना +१. तांत्रिक बाजू मांडतो.

कोरापाट, एक निर्णय तुम्ही नकळत बरोबर घेतला आहे. जुनी पद्धत अशी होती की वाचकाने शब्द टाकला की तो त्याच क्षणी सगळ्या यंत्रणांकडे पाठवायचा आणि येतील ती उत्तरं एकत्र करायची. झेड-३९.५० हा त्यासाठीचा करार (प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रणांनी एकमेकांशी बोलायचे नियम) १९८८ पासून आहे. ग्रंथालयं एकमेकांच्या नोंदी उतरवून घ्यायला अजून वापरतात, तेवढ्यापुरता छान. पण शोधखिडकी त्यावर उभी केली की सगळ्यात मंद यंत्रणा तुमचा वेग ठरवते. शिवाय प्रत्येकाचा क्रम त्याच्या त्याच्या हिशोबाने लागलेला असतो, तो एकत्र लावायचा म्हणजे अंदाजपंचे.

दुसरी पद्धत, आधीच सगळ्यांच्या नोंदी गोळा करून एका इंडेक्समध्ये ठेवायच्या. ओएआय-पीएमएच हा त्याचा करार, पहिली आवृत्ती २००१, सध्याची २००२ ची. वय झालंय पण चालतोय. "अमुक तारखेनंतर बदललेल्या नोंदी दे" म्हणायचं, यादी मोठी असेल तर ती हप्त्याहप्त्याने मिळते. यात एक खड्डा आहे. समोरचा सर्व्हर सरळ जाहीर करू शकतो की मी काढून टाकलेल्या नोंदींचा हिशोब ठेवत नाही. मग तिथे नोंद मरते आणि तुमच्याकडे भूत बनून राहते. अधूनमधून सगळं नव्याने गोळा करून ताडून बघा.

संग्रहालयाची एक्सेल? रोज रात्री फाइल उचला. लाजू नका, पुष्कळ ठिकाणी हेच चालतं.


काचेमागे
मंगळवार, सकाळी ११.२०

अभिरक्षकांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं.

वस्तूला शीर्षक नसतं हो. पुस्तक स्वतःचं नाव कपाळावर छापून येतं. घड्याळ येत नाही. आमच्या नोंदवहीत दाखल क्रमांक, वस्तूचा प्रकार, साहित्य, मापं, कोणाकडून कधी आली, हे असतं. "घड्याळ" हे शीर्षक नव्हे, प्रकार आहे. तुम्ही तो शीर्षकाच्या रकान्यात टाकला आणि बाकी सगळं फेकून दिलं. संग्रहालयांसाठी लिडो नावाची मांडणी २०१० पासून आहे. तिचा पाया म्हणजे घटना: वस्तू कोणी बनवली, कोणी वापरली, कोणी जमवली, प्रत्येकाची वेगळी नोंद, आपापल्या तारखेसकट. डब्लिन कोअरमध्ये या सगळ्यांना मिळून निर्माता आणि तारीख असे दोन खिसे. मग घड्याळाचा निर्माता कोण, बनवणारा कारागीर की तुमचे संस्थापक?

याहून वाईट प्रकार चित्रांच्या बाबतीत होतो. "रेम्ब्रांट", "रेम्ब्रांटची कार्यशाळा", "रेम्ब्रांटचे मानले जाणारे" आणि "रेम्ब्रांटच्या चित्रावरून" या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बर्लिनचं सोनेरी शिरस्त्राण घातलेल्या पुरुषाचं चित्र कित्येक वर्षं रेम्ब्रांटचं म्हणून मिरवलं आणि १९८० च्या दशकात ते त्याच्या हातचं नाही असा निष्कर्ष निघाला. चित्र तेच, बदललं ते नावाआधीचं विशेषण. सामायिक शोधात सगळ्यात आधी गळतं ते हे विशेषण.

आणि परवानगीचं म्हणाल तर अभिरक्षक उगाच चिडले नाहीत. आमच्या नोंदीत वस्तू कुठल्या कपाटात आहे, विम्यासाठी किंमत किती धरली आहे, देणगीदाराचा पत्ता काय, हेही असतं. तुम्ही एक्सेलमधून कुठले स्तंभ उचललेत, एकदा बघाल का? आत्ता.


कोरापाट
मंगळवार, सकाळी ११.५८

बघितलं. कपाट क्रमांक "स्थळ" म्हणून गेला होता. सर्व्हर बंद केलाय. आता "काय लपवायचं" ऐवजी "काय पाठवायचं" अशी यादी करतो, आणि ती संग्रहालयाच्याच बाजूला.


वाचनवेडी
मंगळवार, दुपारी ४.१५

मी या तिन्ही ठिकाणची गिऱ्हाईक. शहाणा यांचं म्हणणं की असल्या खिडक्यांत कोणी शोधत नाही. युरोपियाना, म्हणजे युरोपातल्या ग्रंथालयं-संग्रहालयांची एकत्र शोधखिडकी, २० नोव्हेंबर २००८ ला सुरू झालं आणि गर्दीने त्याच दिवशी कोसळलं. लोकांना हवं असतं.

मला काय हवं असतं ते उदाहरणाने सांगते. मारी क्युरी. तिच्या प्रयोगांच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, अजून किरणोत्सारी म्हणून शिशाचं अस्तर असलेल्या पेट्यांत. तिची प्रयोगशाळा आणि उपकरणं त्याच शहरातल्या क्युरी संग्रहालयात. माणूस एक, काम एक. पण वही ग्रंथालयाच्या नियमात आणि ज्या उपकरणाची मापं त्या वहीत आहेत ते संग्रहालयाच्या नियमात. शोधताना मला या भिंती नको आहेत.

मात्र शोध संपला की भिंती लगेच हव्या असतात! पुस्तक मी घरी नेणार. अभिलेखागाराची फाइल आधी मागणी नोंदवून वाचनकक्षात बघणार. वस्तू भांडारात असेल तर पत्र लिहून परवानगी काढणार. आणि छायाचित्र लेखात वापरता येईल का, हाही प्रश्न असतो. त्यासाठी २०१६ पासून प्रमाणित हक्कविधानं आहेत (आता १२), युरोपियाना आणि अमेरिकेचं तसंच सामायिक डिजिटल ग्रंथालय डीपीएलए दोघंही ती वापरतात. हे सगळं निकालाच्या ओळीवरच दिसावं. पाच दुवे दाबल्यावर नव्हे.

अवांतर: ती "क्युरी" की "क्यूरी"? पोलिश आडनाव लावायचं तर "स्क्लोडोव्स्का" की "स्क्वोडोव्स्का"? माझ्याच टिपणांत तीन प्रकार निघाले.


ऱ्हस्वदीर्घ
मंगळवार, रात्री १०.०२

अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे ते! माझं सदस्यनाम बघा. या "ऱ्ह" साठी युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एक, साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह. दुसरी, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, यंत्राला दोन वेगळे शब्द. तुमच्या ग्रंथालयात एकाने टंकलं असेल, संग्रहालयात दुसऱ्याने.

उत्साहाने नुक्ता आणि जोडचिन्ह दोन्ही गाळलीत की दोन्ही रूपं एक होतात खरी, पण मग "दऱ्या" आणि "दर्या" सुद्धा एक होतात. डोंगरातली दरी शोधणारा समुद्रात पडतो. "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना" यांचंही तेच, आणि तुमच्या संस्थेत आचार्य असतील तर सांभाळा.

माझा उपाय: दोन रकाने ठेवा. एकात दोन्ही वाटा एकाच प्रमाण रूपात आणून भेद शाबूत ठेवायचा, दुसऱ्यात सगळं सपाट. शोध दोन्हीत, पण पहिल्यात सापडलं तर वजन जास्त.

मग सामान्यरूपाची भानगड. "देऊळ" शोधलं तर "देवळातील" मिळायला हवं. सोलरमध्ये हिंदीसाठी प्रत्यय कापणारी सोय तयार मिळते, ती मराठीवर लावण्याचा मोह होईल. नका करू. हिंदीत विभक्ती बहुतेक सुटी लिहितात, आपण चिकटवतो. "देवळातील" मधून "देवळा" काढलंत तरी "देऊळ" हाती लागत नाही. छोटा शब्दसंग्रह हाताने बनवा, आधी तुमच्या संग्रहात वारंवार येणारे शब्द घ्या. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही.


उंटावरचा_शहाणा
मंगळवार, रात्री १०.२०

"डोंगरातली दरी शोधणारा समुद्रात पडतो." यासाठी धाग्याला माफ केलं.


कार्डकॅटलॉग
बुधवार, सकाळी १०.४०

ग्रंथपाल बोलतेय. १५ रकान्यांबद्दल सगळ्यांनी सांगितलं, माझंही दुःख ऐका. मार्क ही आमची मांडणी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्ह्रम यांनी उभी केली. ती जुनी आहे, प्रोग्रॅमर तिला शिव्या घालतात, घालोत. पण तिच्यात अनुवादक, संपादक, चित्रकार यांची भूमिका नोंदवता येते. डब्लिन कोअरमध्ये ते सगळे "सहयोगी". अनुवादकाला सहयोगी म्हणणं हे त्याच्या तोंडावर सांगून बघा.

डब्लिन कोअर १९९५ च्या कार्यशाळेतून आलं, वेबपानांचं किमान वर्णन करता यावं म्हणून. किमान! ओएआयने ते सक्तीचं केलं तेही किमान म्हणूनच, त्याच करारातून मार्क किंवा लिडो पाठवायला कोणी अडवत नाही. तेव्हा तिघांच्या मूळ नोंदी जशाच्या तशा ठेवा, शोधण्यापुरते सामायिक रकाने त्यावरून काढा आणि दाखवताना मूळ नोंद दाखवा. फिनलंडच्या फिना या सेवेत २०१३ पासून तिन्ही प्रकारच्या संस्था एका शोधात आहेत, तीही तुमच्याच व्हूफाइंडवर. तिथे पुस्तक उघडलं की पुस्तकासारखं दिसतं, वस्तू उघडली की वस्तूसारखी.

नावांसाठी प्रमाणनावांची फाइल करा. लोकांच्या नावांना व्हीआयएएफ (ग्रंथालयांची जागतिक नावसूची) किंवा विकिडेटाचा (विकिपीडियाचा माहितीसाठा) क्रमांक जोडला की क्युरीचं स्पेलिंग काहीही असो, माणूस एक राहतो. ओपनरिफाइन या याद्या साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जुळवता येतात, पण जुळणी माणसाने तपासल्याशिवाय "हो" म्हणू नका. एकाच नावाचे काका-पुतणे ही आमची रोजची डोकेदुखी आहे.

तारखा: प्रत्येक नोंदीला सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे, शिवाय मूळ मजकूर जसाच्या तसा. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकाच्या २०१९ मधल्या दुसऱ्या भागात अनिश्चित तारखांची सोय आहे: शेवटचा आकडा माहीत नसेल तर तिथे एक्स, अंदाजे असेल तर मागे ~ हे चिन्ह. शके १८५२ लिहिलेलं असेल तर ७८ मिळवून १९३० करून मोकळे होऊ नका. ते वर्ष १९३१ च्या मार्चपर्यंत जातं.

सहा आवृत्त्या एका ओळीत गुंडाळता येतात, त्याची काळजी नको.


काचेमागे
बुधवार, सकाळी ११.१५

विषयशीर्षकांबद्दल मात्र ग्रंथालयाने आमच्यावर दादागिरी करू नये. पुस्तक घड्याळां*विषयी* असतं. आमचं घड्याळ कशाविषयी नसतं, ते घड्याळ *असतं*. गेटीच्या कला व वास्तुशास्त्राच्या शब्दकोशातून आम्ही जो शब्द घेतो तो प्रकार सांगतो. दोन्ही एकाच गाळणीत (फिल्टरमध्ये) टाकले की "घड्याळ" निवडणाऱ्याला दुरुस्तीची पुस्तकं मिळतात.


कार्डकॅटलॉग
बुधवार, सकाळी ११.१९

दादागिरी नाही, मान्य. दोन गाळण्या करा: "हे काय आहे" आणि "कशाविषयी आहे".


कोरापाट
पुढचा रविवार, रात्री ११.३०

आठवडाभर गायब होतो, काम करत होतो.

दप्तरबंद यांच्या सांगण्याप्रमाणे वरच्या पातळ्यांची नावं प्रत्येक फाइलीच्या नोंदीत एका न दिसणाऱ्या रकान्यात उतरवली. आता संस्थापकांचं नाव टाकलं की पत्रं सापडतात. सापडतात म्हणजे काय, पूर आला! पहिली दहा पानं नुसत्या फाइली. ग्रंथपालबाई आता "माझी पुस्तकं कुठे गेली" विचारताहेत. आधी पुस्तकांनी सगळ्यांना बुडवलं, आता कागदांनी.


सोलरवाला
सोमवार, सकाळी ७.५०

अपेक्षितच. सोलरचं नेहमीचं गुणांकन, बीएम२५, आखूड रकान्यातल्या शब्दाला जास्त भाव देतं, आणि फाइलींच्या नोंदी असतात आखूड. वारसाहक्काने आलेल्या नावाला स्वतःच्या नावापेक्षा बरंच कमी वजन द्या. आणि एका संग्रहातल्या सगळ्या फाइली एकाच ओळीत गुंडाळा: "या संग्रहात आणखी इतक्या फाइली", दाबलं की उघडतील. आवृत्त्यांसाठी कराल तीच युक्ती.

तरीही एका सरळ यादीचा हट्ट धरू नका. पुस्तक आणि पेटी यांत "जास्त समर्पक" कोण, याला उत्तर नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची शोधखिडकी, ट्रोव्ह, २००९ मध्ये आलं तेव्हापासून पुस्तकं, वर्तमानपत्रं, चित्रं असे कप्पे ठेवतंय. वर्तमानपत्रांचा मजकूर मोकळा सोडला असता तर बाकी काही दिसलंच नसतं. तुम्हीही पहिल्या पानावर तीन कप्पे करा, प्रत्येकातले वरचे चार-पाच निकाल.


कोरापाट
गुरुवार, रात्री १०.१०

कप्पे केले, गुंडाळलं, वजन उतरवलं. आज पुन्हा तिघांना बोलावलं. तेच नाव टाकलं. डावीकडे पुस्तकं, मधे वस्तू, उजवीकडे संग्रह आणि त्याची वाट. घड्याळाखाली आता "खिशातले घड्याळ, चांदी, संस्थापकांच्या वापरातील" असं येतं. पहिली पाच मिनिटं सगळे खूश.

मग ग्रंथपालबाईंनी गंमत म्हणून "घड्याळ" टाकलं. उजव्या कप्प्यात जुन्या हिशोबाच्या फाइलीतली एक पावती आली. चांदीचं खिशातलं घड्याळ, त्यावरचा क्रमांक आमच्या घड्याळाचाच. खरेदीची तारीख संस्थापक गेल्यानंतर तीन वर्षांची.

एकाच पडद्यावर शेजारी शेजारी. अभिरक्षक म्हणतात, निर्णय होईपर्यंत पावती लपवा. अभिलेखागारवाले म्हणतात, लपवायची तर घड्याळाची नोंद लपवा. मी दोघांना सांगितलं की माझ्याकडे फक्त सर्व्हर आहे.


दप्तरबंद
गुरुवार, रात्री १०.३१

काही लपवू नका. दोन्ही दिसू देत, एकमेकांना दुवा द्या. कोण बरोबर हे ठरवणं शोधखिडकीचं काम नाही. (आणि ती पावती इतकी वर्षं कोणी वाचली नव्हती हे आमच्या खात्यावर मांडा.)


काचेमागे
गुरुवार, रात्री १०.४४

अभिरक्षकांना सांगा घाबरू नका, आमच्यात याला शब्द आहेत. नोंदीत लिहा: "परंपरेने संस्थापकांच्या वापरातील मानले जाणारे". खाली पावतीचा क्रमांक आणि आजची तारीख. जुनं विधान खोडू नका, तेही नोंदीचा इतिहास म्हणून राहू द्या.


कोरापाट
गुरुवार, रात्री १०.५२

पटलं. पण हे "मानले जाणारे" डब्लिन कोअरच्या कुठल्या रकान्यात बसवू?


कार्डकॅटलॉग
गुरुवार, रात्री १०.५३

बसत नाही.